मॅनेज्ड आणि अनमॅनेज्ड स्विच : या चुका टाळा

नेटवर्कच्या केबल जोडायचे पोर्ट कमी पडले की टेबलाखाली आठ पोर्टचा स्वस्त अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता न येणारा, स्विच टाकून मोकळे व्हायचे, ही सवय मला जवळजवळ प्रत्येक कार्यालयात दिसते. घरी किंवा चार संगणकांच्या दुकानात तो पुरेसा असतो. मात्र लूप, म्हणजे केबल फिरून त्याच नेटवर्कमध्ये जोडली जाऊन वेटोळे, झाल्यास तो थोपवण्याची सोय त्यात बहुधा नसते.

एका कार्यालयात सकाळपासून बिलिंग, प्रिंटर आणि इंटरनेट सगळेच ठप्प होते. मी पोहोचेपर्यंत राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता आणि इंटरनेटवाल्याशी भांडणही झाले होते. शोधता शोधता स्वागतकक्षातल्या टेबलाखालचा स्विच सापडला, त्याचे सगळे दिवे एकदमच लुकलुकत होते. लोंबणारे पॅच कॉर्डचे टोक कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने त्याच स्विचमध्ये खोचले होते. ब्रॉडकास्ट फ्रेम (सर्वांसाठी पाठवलेला डेटाचा तुकडा) ज्या पोर्टवरून येते तो सोडून बाकी सर्व पोर्टांवर स्विच ती पाठवतो, आणि आयपी पॅकेटला असते तशी टीटीएलची (किती टप्पे पार करायचे याची) मर्यादा इथरनेट फ्रेमला नसल्यामुळे ती त्या वेटोळ्यात फिरतच राहते व तिच्या प्रती नेटवर्कभर पसरतात. कॉर्ड उपसताच काही सेकंदांत काम सुरू झाले.

तेव्हापासून एक टोक मोकळे असलेली कॉर्ड मी स्विचला राहू देत नाही. मुख्य स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, घेतो, त्यावर लूप ओळखून तोडणारा एसटीपी चालू ठेवतो आणि टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टांवर बीपीडीयू (एसटीपीचे निरोप) आले तर पोर्ट बंद करणाऱ्या बीपीडीयू गार्डबरोबर ब्रॉडकास्टचा पूर रोखणारे स्टॉर्म कंट्रोलही लावतो, कारण काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत.

याच्या उलट चूक म्हणजे महागडा मॅनेज्ड स्विच खोक्यातून काढून तसाच जोडणे. पासवर्ड कंपनीने दिलेलाच, सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेले वेगळे नेटवर्क; १ हे मूळचे), कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक शेजारी शेजारी. मग जास्तीचे पैसे कशाला मोजले? जे उत्साही लोक व्हीलॅन करतात, तेही घाईत सेटिंग सेव्ह करायला विसरतात. सिस्कोच्या स्विचवर चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असते, त्यामुळे वीज गेली की त्यातली सेव्ह न केलेली मेहनत पुसली जाते. मी प्रत्येक बदलानंतर ते सेव्ह करतो आणि पोर्टांची यादी कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवतो.

व्हीलॅनचा ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी, अनमॅनेज्ड स्विचमधून नेऊ नका. फ्रेमवरचे व्हीलॅनचे टॅग (क्रमांकाच्या खुणा) पार गेले तरी व्हीलॅन वेगळे राहत नाहीत.

पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणे) आणि मॅनेज्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीओईच्या ८०२.३एएफ या मानकानुसार पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते, पण आठही पोर्टांना एकाच वेळी तेवढी पुरेल असे गृहीत न धरता स्विचची एकूण वॅट क्षमता आधी वाचावी.