वॉशिंग मशीन लावली की घरातली लाइट जाते? आधी या चुका टाळा

मशीनचं बटण दाबलं आणि अख्ख्या घराची लाइट गेली, ट्रिपर (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) वर केला, परत पडला. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही जा, नवीन वायरिंगच्या घरांत ही तक्रार ऐकायला मिळतेच आणि बघायला आलेला शेजारी पहिलं काय म्हणतो तर, "हाऊ ट्रिपरच खराब शे भाऊ, काढी टाका." कृपा करून काढू नका. ट्रिपर कधीकधी खरंच खराब निघतो, पण बहुतेक वेळा तो त्याचं काम नीट करत असतो आणि करंट कुठेतरी मशीनच्या बॉडीवर उतरलेला असतो.

आधी नक्की काय पडतंय ते बघा. जिच्यावर टेस्टचं छोटं बटण आहे ती आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारी, बटण नाही ती एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारी.

एमसीबी मशीन लावताक्षणी पडली तर शॉर्ट सर्किट समजा, काही मिनिटं चालून पडली तर ओव्हरलोड. फ्रंट लोडचा हीटर साधारण २००० वॅटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर, आणि कित्येक घरांत मशीन लाइट-पंख्याच्या ६ अँपिअरच्या एमसीबीवर लावलेली असते, मग पडणारच की. यावर लोक काय करतात, एमसीबी बदलून ३२ ची टाकतात, आतली वायर मात्र तीच दीड एमएमची. आता एमसीबी पडत नाही पण भिंतीतली वायर तापते. मशीनला मेन बोर्डापासून वेगळी १६ अँपिअरची लाइन ओढून घ्या, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर तर मशीन नकोच.

आरसीसीबीचा हिशोब वेगळा आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, घरातल्या आरसीसीबीला ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की ती तोडते, खरं तर १५ च्या पुढे कधीही पडू शकते. हा फरक म्हणजे कुठेतरी वाट चुकलेला करंट. इथे होणारी सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे अर्थिंगची वायर काढून टाकणं किंवा थ्री पिनची मोठी पिन तोडून मशीन लावणं. ट्रिपिंग थांबतं हो, पण आता करंट बॉडीवरच बसून राहतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कपडे काढणाऱ्या बाईच्या अंगातून वाट शोधतो. अर्थिंग काढून "दुरुस्त" केलेली मशीन एक दिवस पण वापरू नका.

मग शोधायचं कसं, तर मशीन काय करत असताना आरसीसीबी पडते ते लक्षात ठेवा, मेकॅनिकला पण तेच सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो. पिन लावताच पडली तर कॉर्ड किंवा आतला नॉइज फिल्टर, पाणी भरायला लागताच पडली तर इनलेट व्हॉल्व्ह, पाणी सोडताना पडली तर ड्रेन पंप, स्पिनला पडली तर मोटर नाहीतर हादऱ्याने घासून सोललेली वायर. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली पण बऱ्याचदा सापडते, खालून उघड्या असलेल्या मशीनमध्ये ते आरामात शिरतात.

पाणी गरम व्हायची वेळ आली की पडते, थंड पाण्यावर व्यवस्थित चालते, असं असेल तर संशय सरळ हीटरवर घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, घागरीला पांढरा थर धरतो तोच थर हीटरच्या नळीवर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतून जास्त तापते आणि शेवटी बारीक चीर पडते. हीटर बाहेर काढला तर चुन्याची खरबरीत पापडी हाताला लागते, ती खरवडली की खाली कुठेतरी फुगवटा किंवा काळा ठिपका दिसतो, तिथूनच पाणी आत शिरलेलं असतं. असा हीटर साफ करून परत बसवू नका, बदला. नवीन टिकावा म्हणून अधूनमधून मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीने डिस्केलिंग करा, म्हणजे हा थर काढा.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये हीटर नसतो, तिथे वेगळं दुखणं. स्पिन टबखालचं रबरी सील फाटतं आणि पाणी थेंब थेंब खालच्या मोटरवर पडतं. मागचं झाकण काढलं की मोटरवर तांबड्या गंजाचा ओघळ दिसतो. लोक मोटर बदलतात आणि सील तसंच ठेवतात, मग नवीन मोटर पण जाते.

आता मशीन चांगली असूनही आरसीसीबी पडते ती गोष्ट, आणि ही मेकॅनिकच्या पण लक्षात येत नाही. इन्व्हर्टर बसवताना वायरमनने न्यूट्रल एकमेकांत जोडून ठेवलेले असतात. मग मशीनचा फेज आरसीसीबीतून जातो, न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने परत जातो, लोड टाकला की फरक दिसतो आणि पडते. त्याच सॉकेटवर इस्त्री लावली तरी पडत असेल तर मशीन सोडा, वायरिंग बघा. तसंच मे महिन्यात पत्र्याचा कूलर, फ्रिज असं सगळं एकाच आरसीसीबीवर असलं की प्रत्येकाची थोडी थोडी गळती जमा होते आणि मशीन फक्त निमित्त होते. कूलर बंद करून मशीन लावून बघा.

तपासताना बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडतं आणि आत न्यूट्रल अर्थिंगला चिकटला असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडते. पिन सॉकेटमधून काढाच. मग मल्टीमीटरने हीटरच्या टोकांमध्ये बघितलं तर २००० वॅटला २५-२६ ओहम यायला हवेत, आणि टोक ते बॉडी काहीच रीडिंग नको. मल्टीमीटर बरोबर दाखवतो आणि तरी पडते, असंही होतं, कारण त्याचा व्होल्टेज खूपच कमी असतो, तेव्हा ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारा मीटर) बघणारा माणूस बोलवा, आणि मेगर लावायच्या आधी मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड त्याला सुटं करायला सांगा, नाहीतर कार्ड उडेल. मोटरच्या कपॅसिटरला पिन काढल्यावर पण लगेच हात लावू नका, त्यात चार्ज राहतो.

अर्थिंगचं पण बघून घ्या. उन्हाळ्यात काळी माती तडकते, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही. मार्चपासून खड्ड्यात पाणी टाकत राहा. दुरुस्ती झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, लगेच पडली पाहिजे. नाही पडली तर ती बदलेपर्यंत मशीन लावू नका.