बँडचं झाइन कसं काढायचं: एका झेरॉक्सवाल्याचा सल्ला

नागपूरच्या धरमपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर आधार कार्डं आणि इंजिनिअरिंगच्या नोट्स, शटर पाडलं की बेस गिटार. आमचा बँड ऐकणारे जेमतेम चाळीस, पण त्यातल्या निम्म्यांच्या घरी आमची गाणी कागदावर आहेत. त्या कागदालाच झाइन म्हणतात: स्वतःच लिहून, चिकटवून झेरॉक्स काढलेली छोटी पुस्तिका.

आम्ही पंक रॉक वाजवतो. पंक म्हणजे आरडाओरडा, त्यात साहित्य काऊन घुसवता, असं पोरं विचारतात. राजेहो, घुसवायची गरजच नाही. १० फेब्रुवारी १९७१ ला न्यू यॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये पुढे पंकची गायिका झालेली पॅटी स्मिथ कविता वाचायला उभी राहिली, तेव्हा साथीला लेनी के इलेक्ट्रिक गिटार घेऊन होता. जुलै १९७६ मध्ये लंडनमधल्या मार्क पेरी नावाच्या बँक कारकुनानं 'स्निफिन ग्लू' हे पंकचं झाइन काढलं, तेही टाइपरायटर, स्केचपेन आणि झेरॉक्सवर. आणि त्याच्याही वीसेक वर्षं आधी मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर ही कवी मंडळी 'शब्द' नावाचं छोटं नियतकालिक सायक्लोस्टाइल करून वाटत होती. पुढे कोलटकरांनी इंग्रजी गाणीही लिहिली, रेकॉर्डही केली.

मला मात्र ही गोष्ट कळली दीक्षाभूमीवर. दसऱ्याला तिथे स्टॉल लागतात. लहानपणी पाहायचो, एका टेबलावर भीमगीतांच्या कॅसेटी, शेजारीच स्वस्तातल्या पुस्तिका. गाणं ऐकायला थांबलेला माणूस हातात पुस्तिका घेऊनच पुढे सरकायचा. आपलं टेबलही तसंच लावायचं.

आता कामाचं. ए-फोरचा एक कोरा कागद घ्या, आडवा धरा, घड्या घालून आठ चौकटी पाडा. मधल्या आडव्या घडीवर फक्त आतल्या दोन चौकटींपुरती कात्री चालवा. मग कागद त्याच आडव्या घडीवर दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की आठ पानांची चिमुकली वही होते. ही तुमची डमी. तिच्यावर पेन्सिलीनं पानांचे आकडे टाका आणि मग उघडा. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ दिसेल. वरची ओळ उलटी, तिथे उजवीकडून २, ३, ४, ५. हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. डमी समोर ठेवूनच दुसऱ्या कोऱ्या कागदावर मजकूर चिकटवा.

मजकूर हातानं लिहा किंवा टाइप करून कापा. एक पान गाण्याच्या शब्दांना, दोन पानं कवितेला, एक पान कोणाच्या तरी भांडणाला: एखाद्या पुस्तकावर, नाटकावर, गिगच्या, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाच्या, बेकार साउंडवर. कविता दुसऱ्याची असेल तर त्याला विचारूनच छापा. गाण्याचे शब्द तुमचेच हवेत. आणि शब्द नुसते उतरवून काढू नका. स्टेजवर चारदा ओरडलेली ओळ कागदावर एकदाच पुरते. कधी ती वाचल्यावरच कळतं की ओळ कच्ची होती, ड्रमनं झाकली होती.

कडेला निदान आठ मिलिमीटर जागा सोडा. मशीन कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही. आमच्या पहिल्या अंकात मित्राच्या कवितेची शेवटची ओळ अशीच उडाली. दुकान माझं, मशीन माझी, चूकही माझीच. तो दोन आठवडे बोलला नाही, आणि वाचणारे म्हणाले, शेवट भारी आहे.

चिकटवताना गोंदाची कांडी वापरा, पातळ डिंकानं कागद फुगतो. चिटोऱ्यांच्या कडांची सावली काळ्या रेघेसारखी उमटते, तिच्यावर व्हाइटनर फिरवा किंवा झेरॉक्सवाल्याला शाई एक घर कमी करायला सांगा. मला त्या रेघा आवडतात, मी ठेवतो. अख्खं काळं पान मात्र टाळा. टोनर घडीवर तडकतो आणि वाचणाऱ्याची बोटं काळी करतो.

एक खास नागपुरी सूचना. मे महिन्यात कागदाचं बंडल कूलरसमोर ठेवू नका. कागद ओल धरतो आणि मशीनमध्ये अडकतो. मग उन्हाचं येऊन माझ्यावरच चिडता.

पहिल्यांदा तीसच प्रती काढा. एका बाजूनंच छापायचं असल्यानं माझ्याकडे प्रतीला दोन रुपये पडतात. मूळ चिकटवलेला कागद फाइलीत जपून ठेवा, पुढच्या तीस त्यावरूनच निघतील. गिग संपल्यावर वाटू नका, लोक स्कूटीच्या डिकीत टाकून विसरतात. पहिल्या गाण्याआधी द्या. ट्यूनिंग चाललेलं असतं, लोक रिकामे असतात, वाचतात. मधे गिटार थांबवून कवीला त्याचं पान वाचू द्या, बेस हळू चालू ठेवा. लोक पानं चाळत सोबत वाचतात, चुकला तर ओरडून सांगतात.

झेरॉक्स काढायला सकाळी अकराच्या आत या. नंतर कॉलेजची गर्दी सुरू होते, आणि तेव्हा मी कोणाचंच झाइन हातात घेत नाही.