सॅम्पल कोणाचं आणि कधीचं: ल्युकेमियाच्या जनुकीय तपासण्यांत येऊ पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सी झाल्यावर मी एका कॅन्सर रुग्णालयाच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये लागले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या, मुख्यतः एएलएलच्या (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या), जनुकीय तपासण्या हे तेव्हापासून माझं रोजचं काम. या कामात यायचं असेल तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. समोरचं सॅम्पल कर्करोगाच्या पेशीबद्दल सांगतंय की त्या मुलाबद्दल, हे आधी ठरवायचं.

पेशीबद्दलचे बदल मुलाने जन्मतः आणलेले नसतात. ईटीव्ही६-आरयूएनएक्स१ हे दोन जनुकं चुकीने जुळून बनलेलं जोडजनुक सापडलं, तर मूल उपचाराला सहसा चांगली दाद देतं. तान्ह्या बाळांत अनेकदा दिसणारी केएमटी२ए या जनुकाची उलथापालथ मात्र जोखमीची. १९६०मध्ये सापडलेलं फिलाडेल्फिया गुणसूत्र (९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनलेलं) कधीकाळी फार वाईट खूण मानली जायची. आता केमोथेरपीच्या जोडीला इमॅटिनिबसारखं औषध देता येतं, म्हणूनच तो रिपोर्ट लवकर जावा लागतो.

मुलाबद्दलचा प्रश्न वेगळा: औषध त्याला सोसेल का? ६-मर्कॅप्टोप्युरीन हे ल्युकेमियाचं औषध १९५३पासून वापरात आहे. मेंटेनन्सच्या, म्हणजे आटोक्यात आलेला आजार परतू नये म्हणून चालणाऱ्या उपचाराच्या, काळात मुलं ही गोळी घरी रोज घेतात, तीही वर्षापेक्षा जास्त काळ. शरीरात या औषधाचा निचरा करणारी एन्झाइम बनवणाऱ्या टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांत दोष असेल, तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. पुस्तकांत टीपीएमटीवर भर असतो, कारण युरोपीय वंशाच्या लोकांत तोच दोष जास्त दिसतो. आशियाई लोकांत एनयूडीटी१५ जास्त महत्त्वाचा, आणि तो २०१४मध्ये कोरियातल्या आतड्याच्या विकाराच्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. त्याच्या प्रथिनात १३९व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन, एवढाच बदल. पण आई आणि वडील दोघांकडूनही तो आला असेल, तर मार्गदर्शक सूचनांनुसार दर चौरस मीटरला अवघ्या १० मिलिग्रॅमने सुरुवात करतात. एरवीचा डोस ६० ते ७५ असतो.

पहिल्या वर्षातली माझी चूक याच फरकातली. डीएनएची अक्षरं आलेखात शिखरांसारखी दिसतात. एका मुलाच्या टीपीएमटीच्या आलेखात मोठ्या शिखराखाली एक बुटकं शिखर दिसत होतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असतील तर दोन्ही शिखरं साधारण सारख्या उंचीची यावीत, म्हणून हा गोंगाट समजून मी ‘नॉर्मल’ लिहिलं. सही करण्याआधी आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “अगं, हे सॅम्पल कधीचं?” निदानाच्या दिवशीचं होतं, कर्करोगाच्या पेशींनी भरलेलं. त्या पेशींत ६व्या गुणसूत्राची एक जादा प्रत होती, आणि टीपीएमटी त्याच गुणसूत्रावर आहे. निर्दोष प्रती दोन आणि सदोष एक, म्हणून शिखर बुटकं. आजार आटोक्यात आल्यावरचं रक्त मागवलं, तेव्हा दोन्ही शिखरं शेजारी-शेजारी सारखी उभी राहिली. मुलाची एक प्रत खरोखर सदोष होती. सुदैवाने गोळी अजून सुरू व्हायची होती. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून सॅम्पलची तारीख आणि ब्लास्टचं (कर्करोगाच्या अपक्व पेशींचं) प्रमाण कागदावर सगळ्यात वर लिहिल्याशिवाय मी आलेख उघडत नाही.

ट्यूबचंही तसंच. पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्यासाठी, जांभळ्या टोपणाची ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब. हिरवी हेपॅरिनची ट्यूब गुणसूत्रं पाहण्यासाठी, तिथे पेशी जिवंत लागतात आणि हेपॅरिन पीसीआरला अडवतं. टीपीएमटीची एन्झाइम चाचणी तांबड्या पेशींवर होते. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल, तर ती चाचणी रक्तदात्याचं एन्झाइमही मोजते.

शिक्षणाचं म्हणाल, तर जीवशास्त्रातली कुठलीही एमएस्सी चालते. संशोधनाकडे जायचं असेल तर नेट किंवा गेट द्या. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये पीएचडीची सोय आहे. रोजच्या तपासण्यांचं काम हवं असेल, तर मुलाखतीत मशिनांची यादी विचारत बसू नका. रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत किती दिवसांत पोहोचतो आणि शंका आली तर वॉर्डात फोन कोण करतं, हे विचारा. आमच्याकडे तो फोन आलेख वाचणाऱ्यानेच करायचा असतो.