पीटीचा तास घेताय? या चुका टाळा

जुलैचा दुसरा आठवडा. पावसानं ओढ दिलेली, शिवारात पऱ्हाटीत डवरे चाललेले. दुपारच्या उन्हात मी सहावीची 600 मीटर धाव घेत होतो. एक मुलगी दुसऱ्या फेरीला थांबली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली. मला वाटलं, अंगचोरपणा करते. तिला उठवून फेरी पूर्ण करायला लावली. दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड. म्हणाली, "सर, इले पयवू नका जी. रातभर हातपाय दुखून रडली पोरगी."

तिची नोंद शाळेतच होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आदल्या वर्षी तपासणी करून गेलं होतं आणि कागद ऑफिसच्या कपाटात पडून होता. तोवर माझी योगाची, पंचगिरीची प्रशिक्षणं झाली होती. तो कागद मात्र मी कधी मागितला नव्हता. म्हणून नव्या शिक्षकांना मी आधी हेच सांगतो: साधनं आणि ज्ञान लांब शोधण्याआधी शाळेच्या कपाटात आणि तालुक्याच्या गावी काय आहे ते बघा.

तपासणीच्या दिवशी बाजूला होणं

पथक आलं की आपण मुलांची रांग लावून देतो आणि स्टाफरूममध्ये जातो. तसं करू नका, डॉक्टरांच्या शेजारी बसा. दमा, हृदयाचा दोष, फिट, सिकलसेल असलेल्या मुलांची यादी स्वतःच्या वहीत करा. ती वर्गात वाचायची नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट या पट्ट्यात तर या यादीशिवाय मैदानावर उतरूच नये. कडक ऊन, अंगातलं पाणी कमी होणं, अति दमणं, गार पाण्यात भिजणं, यातल्या कशानंही सिकलसेलच्या मुलाला वेदनेचा झटका येऊ शकतो.

त्या प्रसंगानंतर मी उलटी चूक केली. मुलीला कितीतरी महिने फक्त गुण लिहायला बसवलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं, की या मुलांना खेळू द्यायचं, पण त्यांच्या वेगानं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, मध्येमध्ये सावली, आणि "थांबते" म्हटलं की लगेच थांबू द्यायचं. त्यांची मूत्रपिंडं पाणी नीट धरून ठेवत नाहीत, त्यामुळे लघवीला वारंवार जावं लागतं; परवानगीसाठी ताटकळत ठेवू नका. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर नुसतं घरी पाठवून चालत नाही, दवाखाना गाठायचा, नाहीतर 108 ला फोन करायचा. पुढच्या वर्षी ती मुलगी लगोरीत नेम धरायला उभी राहिली की समोरचा गट आधीच पांगायचा.

मोठ्यांचा आकडा लहानांना लावणं

खेलो इंडियाच्या चाचणीत उंची-वजनावरून बीएमआय काढावा लागतो. तो 18.5 च्या खाली आला की समोर 'कुपोषित' असा शेरा मारलेला मी पाहिला आहे. 18.5 ही मोठ्या माणसांची मर्यादा. दहा वर्षांच्या निरोगी मुलाचा बीएमआय 16-17 असणं अगदी नेहमीचं. मुलांसाठी वयानुसार आणि मुलगा-मुलगी असे वेगळे तक्ते असतात. जागतिक आरोग्य संघटनेचे 5 ते 19 वर्षांचे तक्ते छापून वहीत चिकटवा. चुकीच्या शेऱ्यानं घरचे लोक घाबरतात, आणि खरंच खंगलेलं मूल त्या गर्दीत नजरेआड होतं.

प्रमाणपत्रापुरता कोर्स

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात दीक्षा या सरकारी प्रशिक्षणाच्या ॲपवर व्हिडिओ लावून फोन बाजूला ठेवला जातो, शेवटचे प्रश्न विचारून-विचारून सोडवले जातात. गावात रेंज नसते, हे खरं. तालुक्याला गेलात की धडा डाउनलोड करून घ्या, मग तो रेंजशिवायही दिसतो. आणि एका कोर्समधली एक तरी कृती येत्या सोमवारी मैदानावर करून बघा. जमली नाही तर का जमली नाही, ते दोन ओळींत लिहून ठेवा. मला या दोन ओळींनी प्रमाणपत्रांपेक्षा जास्त शिकवलं.

आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत भाषा आणि गणितच चालतं, अशी तक्रार आपण करतो, पण वेळ मागत नाही. केंद्रप्रमुखांना आधी भेटून वीस मिनिटं मागा आणि आरोग्य केंद्रातल्या कुणाला तरी प्रथमोपचार दाखवायला बोलवा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तिथं शिकलेला एखादा शिक्षक तुमच्या तालुक्यात असेल तर एक शनिवार त्याच्या मैदानावर जाऊन बसा.

साहित्य कुलपात ठेवणं

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून खेळ-साहित्यासाठी प्राथमिक शाळेला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातून क्रिकेटचा किट आला की चाळीसपैकी पाच-सहा मुलं खेळतात, मुली कडेला बसतात. त्याऐवजी वीस दोरीउड्या आणि दहा चेंडू घ्या. जुने टायर आणि बांबू गावातच मिळतात. साहित्य मोडेल म्हणून कपाट उघडायचंच नाही, ही भीती वस्तू नोंदवहीत कमी दाखवावी लागेल याची आहे. झिजलेल्या वस्तूंचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे त्या नोंदवहीतून काढून टाकता येतात. मुख्याध्यापकांशी हे वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून घ्या.

फेऱ्यांची शिक्षा

उशीर झाला, मार पाच फेऱ्या. गोंधळ केला, काढ उठाबशा. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्यानं 2009 मध्येच मनाई केली आहे. शिवाय ज्या मुलाला धावण्याची गोडी लावायची, त्यालाच आपण धावणं म्हणजे शिक्षा असं शिकवतो.

राहता राहिलं वेळापत्रक. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तरी पीटीचा तास हमखास शेवटचा, दुपारचा असतो. वेळापत्रक भिंतीवर लागलं की कुणी बदलत नाही. म्हणून शाळा उघडायच्या आधीच मुख्याध्यापकांकडे जा आणि उन्हाळी महिन्यांसाठी सकाळचा पहिला तास मागून घ्या.