या चुका टाळा: क्लायंटला आशेला लावू नका

कोचिंगचं, म्हणजे माणसाला अडचणीतून स्वतःची वाट शोधायला मदत करण्याचं, सत्र संपतं, क्लायंट हसतमुखाने उठतो, "बाई, बरं वाटलं" म्हणतो. पंधरा दिवसांनी परत येतो तेव्हा ठरलेल्यातलं एकही काम झालेलं नसतं. असं दोनदा घडलं तर दोष त्याच्या आळशीपणात शोधू नका. बहुतेक वेळा आपण त्याला नुसता धीर दिलेला असतो आणि त्यालाच आशा समजून बसलेलो असतो.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. डिचोली तालुक्यातले एक गृहस्थ माझ्याकडे येत. खाणीचा माल वाहणारे त्यांचे ट्रक होते. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. "खाणी चालू झाल्या की मार्गी लागेल," ते म्हणत. मी म्हणे, "लागेल, नक्की लागेल." चार सत्रं अशीच गेली. मग एकदा त्यांच्या घरी गेले. ट्रक फणसाखाली उभा, टायर मातीत रुतलेले, हौद्यात रान माजलेलं. समोरची काच मात्र लख्ख. ती ते रोज पुसत होते. त्या पुसण्याला चार सत्रं मीही हातभार लावला होता.

कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये आशा मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात बारा विधानं आहेत. चार नुसती भरीची, चार वाटा शोधण्याविषयी आणि चार त्या वाटेने जाण्याच्या जिद्दीविषयी. 'सगळं चांगलं होईल' असं नुसतं वाटणं तिथे मोजलं जात नाही. म्हणून मी त्या गृहस्थांना नव्याने विचारलं, "खाणी तुमच्या हातात नाहीत. मग हातात काय आहे?" बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "इंजिन खोलून परत जोडता येतं, बाई." तिथून खरं काम सुरू झालं.

पुढची चूक एकाच वाटेवर थांबण्याची. रायबंदरहून नदीपलीकडच्या चोडण बेटावर जायचंय आणि फेरीबोट बंद आहे, तर माणूस मये गावावरून रस्त्याने वळसा घेतो, घरी परतत नाही. क्लायंटने योजना सांगितली की लगेच विचारा, "हे अडलं तर?" उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या. तुम्ही सुचवलेली दुसरी वाट तुमची राहते, पहिल्या खड्ड्यालाच तो ती सोडून देतो.

ट्रकच्या प्रसंगानंतर मी उलट टोकाला गेले. सरकारी नोकरीची आस धरलेल्या एका मुलीपुढे जागा किती आणि अर्ज किती, याचा हिशेब मांडला. हिशेब खरा होता. ती परत आली नाही. आपल्याकडे त्या नोकरीत अख्ख्या घराची आस गुंतलेली असते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आता मी स्वप्नाला हात लावत नाही. परीक्षा किती वेळा द्यायची आणि तोवर हाताला काम कुठलं, एवढंच ठरवून घेते.

एक गोष्ट मात्र कोचिंगच्या पलीकडची आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही, "जगून काय करू" असे शब्द येताहेत, तर तिथे कोचिंगचे प्रश्न विचारत बसू नका. जीव द्यायचे विचार येतात का, ते थेट विचारा, एकटं सोडू नका, घरच्यांना सोबत घ्या आणि डॉक्टरकडे न्या. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

बाकी वेळी सत्र उरकण्याआधी पाच मिनिटं राखून ठेवा. येत्या आठवड्यात कोणत्या वारी, कुठे जाऊन, काय करणार, ते क्लायंटला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या. पेन त्याच्याच हातात हवं. तो लिहिताना अडला, तर वाट अजून सापडलेली नाही. मग पुढचं सत्र तिथूनच सुरू करा.