पायथनमधे मराठी मजकुरातले शब्द कसे बदलायचे ('नगर'चं 'अहिल्यानगर' करताना)

2023 मधे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मधे अहमदनगरचं अहिल्यानगर. त्यामुळे ज्याच्याकडे पत्त्यांची जुनी यादी आहे त्याला हे काम कधी ना कधी करावंच लागतं. सल्ला मात्र सगळीकडे एका ओळीचा मिळतो, "रिप्लेस मार, झालं". नाही होत! पायथन 3 आहे आणि फाइल यूटीएफ-8 मधे आहे असं धरून पुढे जातो.

1. साधं रिप्लेस
स्ट्रिंगची रिप्लेस मेथड, आधी जुना शब्द मग नवा. मूळ स्ट्रिंग तशीच राहते, नवीन मिळते ती व्हेरिएबलमधे ठेवा. 'उस्मानाबाद'सारख्या लांब नावाला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

2. आकडे
देवनागरी अंक 1, 2, 3 करायचे असतील तर दहा रिप्लेस एकाखाली एक लिहू नका, मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट त्यासाठीच आहेत.

3. एनएफसी
'कऱ्हाड'मधला ऱ एकच अक्षर म्हणून टाइप झालेला असतो किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब) म्हणून. दिसायला सेम, पायथनला वेगळे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ एनएफसीवर (युनिकोडचं असे तुकडे जोडून एकच अक्षर करणारं रूप) चालवून घ्या, मग पुढचं.

4. 'नगर', इथे खरी गोची
पत्ता सांगताना लोक 'अहमदनगर' कुठे म्हणतात, नुसतं 'नगर' लिहितात. साधं रिप्लेस चालवलं की उल्हासनगरचं 'उल्हासअहिल्यानगर' होतं, आणि तुम्ही त्याआधीच औरंगाबाद बदललेलं असेल तर 'छत्रपती संभाजीअहिल्यानगर'. 

मग कोणीतरी शहाणा सांगतो की आरई मॉड्यूल (पॅटर्नने शोधणारं) घे आणि दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी (शब्दाच्या हद्दीची खूण) लाव, म्हणजे पूर्ण शब्दच सापडेल. इंग्रजीत सापडतो. मराठीत हा सल्ला चक्क चुकीचा आहे आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्लाय, कारण उल्हासनगर वाचतं म्हणून वाटतं जमलं, आणि मग यादीत खाली कुठेतरी 'श्रीअहिल्यानगर' दिसतं. आरई मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना शब्दातलं अक्षर धरतच नाही. 'श्रीनगर'मधे वेलांटी संपली की त्याच्या मते शब्द संपला आणि 'नगर' नवीन सुरू झाला. 'उल्हासनगर'मधे न च्या आधी साधा स आहे म्हणून तो सुटतो, बाकी गांधीनगर, संभाजीनगर सगळे गेले. अगदी 'अहिल्यानगर'सुद्धा, म्हणजे स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की 'अहिल्याअहिल्यानगर'.

बॅकस्लॅश बी विसरा, हद्द स्वतः आखा:

(?<![ऀ-ॿ])नगर(?=(?:ला|हून|चा|ची|चे|च्या|मध्ये|ात)?(?![ऀ-ॿ]))

चौकोनी कंसात देवनागरीचा अख्खा 128 जागांचा ब्लॉक आहे (पहिलं चिन्ह एडिटरमधे लटकलेलं दिसेल, दिसू दे). आधी देवनागरी अक्षर नको, नंतर फक्त यादीतला प्रत्यय चालेल. शेवट मोकळा सोडायचा मोह होतो, 'नगरला', 'नगरहून' एका फटक्यात मिळतात म्हणून, पण मग 'नगरसेवक', 'नगरपालिका' आणि नगरकर आडनावाची माणसं पण बदलतात. कोणाचं आडनाव बदलायचा आपल्याला अधिकार नाही! प्रत्यय हातानेच लिहा, तुमच्या डेटात 'नगरकडे' असेल तर तेही घाला. रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज मात्रा शब्दातच धरतं, पण प्रत्ययांचं काम तिथेही तुम्हालाच करावं लागणार.

5. सगळी नावं एकाच फेरीत
जुनं नाव आणि नवं नाव अशी डिक्शनरी करा, जुनी नावं उभ्या रेघेने जोडून वरच्या पॅटर्नमधे 'नगर'च्या जागी कंसात टाका (गट करायला ?: विसरू नका), आणि सब फंक्शनला बदली स्ट्रिंगऐवजी एक छोटं फंक्शन द्या जे सापडलेल्या शब्दाला डिक्शनरीतून उत्तर देईल. एकदा बदललेला तुकडा त्याच फेरीत परत तपासला जात नाही, त्यामुळे वरची साखळी तुटते. जोडताना लांब नावं आधी ठेवा.

6. चालवायच्या आधी
फाइंडऑलने नुसतं काय काय सापडतंय ते काढून डोळ्याखालून घाला. आणि औरंगाबाद बिहारमधे पण आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे, त्याचं नाव काही बदललेलं नाही. पिनकोड 8 ने सुरू होत असेल तर ती ओळ सोडून द्या.