मोठ्या शहरात लहान मुलांना घेऊन फिरताना

लहान मूल गर्दीत हरवतं, असं आपण सहज म्हणतो. पण गर्दीतून चालताना सगळेच सावध असतात. हात घट्ट धरलेला असतो, दर चार पावलांनी नजर खाली जाते. मूल सुटतं ते तिकीट काढताना, टॅक्सीतून सामान उतरवताना, फोटो घेताना, फोनवर रस्ता शोधताना. दोन मोठी माणसं बरोबर असली तर धोका उलट वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं की पोर दुसऱ्याजवळ आहे.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून पाळायला हवा. कुठल्याही क्षणी एका मुलाची जबाबदारी एकाच माणसावर. ती दुसऱ्याकडे देताना तोंडाने सांगायचं, ‘आता तू बघ’, आणि समोरून ‘हो, माझ्याकडे’ असं उत्तर आल्याशिवाय हात सोडायचा नाही. दोन-तीन तासांत हे अंगवळणी पडतं. एकटेच दोन मुलांना नेत असाल तर हात गुंतवणारी कामं आधीच उरकून घ्या. तिकिटं शक्य तिथे आदल्या रात्री फोनवर काढा. रस्ता शोधायचा असेल तर चालता चालता नको. भिंतीला पाठ लावून, मुलांना आपल्या आणि भिंतीच्या मधे उभं करून मगच फोन बाहेर काढा.

दिवस कसा आखायचा

एका दिवसात ठरवून बघायची जागा एकच, आणि तीही सकाळी, दार उघडण्याच्या वेळेला. तेव्हा रांग छोटी असते, स्वच्छतागृह स्वच्छ असतं आणि मूल ताजंतवानं असतं. फक्त तिथे पोचण्यासाठी ऑफिसच्या गर्दीतून प्रवास करावा लागणार असेल तर तासभर उशिरा निघा. गच्च भरलेल्या डब्यात मुलाच्या तोंडासमोर सगळ्यांच्या पिशव्या आणि कोपर येतात, आणि दिवसाची सुरुवातच रडण्याने होते.

नकाशावरचा चालण्याचा वेळ साधारण ताशी ५ किलोमीटरच्या हिशोबाने दाखवलेला असतो. तीन वर्षांचं मूल त्याच्या निम्म्या वेगाने चालतं, आणि वाटेत मांजर, पायरी, पाण्याचं डबकं, काहीही दिसलं की थांबतं. म्हणून नकाशाने १५ मिनिटं सांगितली तर ४० धरा. आखणी फसते ती बहुतेक वेळा इथेच. दोन ठिकाणांमधलं अंतर मोठ्यांच्या पावलांनी मोजलेलं असतं, मग उशीर होतो, मग ओढाताण.

एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३. प्रवासात रात्रीची झोप कमी पडतेच, त्यामुळे दुपारची सोडू नका. खोली जवळ असेल तर परत या. नसेल तर त्या वेळेला लांबचा बसप्रवास ठेवा किंवा बाबागाडी हळूहळू फिरवत राहा. ऊन लागतं म्हणून बाबागाडीवर चादर मात्र टाकू नका. हवा कोंडून आत बघता बघता भट्टी होते. छत्री किंवा गाडीचंच टप वापरा आणि सावलीची बाजू धरा.

आणि एक गोष्ट मोठ्यांच्या सहसा गळी उतरत नाही. मुलांना शहरातलं प्रेक्षणीय स्थळ नको असतं, शहर हवं असतं. लिफ्ट, पूल, बोगद्यातून येणारी गाडी, खड्डा खणणारं यंत्र, कबुतरं. अर्धा तास यंत्र बघण्यात गेला तर तो वाया गेला असं धरू नका, तेवढा वेळ आखणीतच मोकळा सोडा.

हात, बाबागाडी, पाठुंगळी

गर्दीत मुलाची बोटं धरली तर ती घामाने निसटतात. मनगट धरा, पण त्या हाताला हिसका देऊ नका आणि पायरीवर चढवायला एका हाताने उचलू नका. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपराजवळचं हाड असं ओढल्यावर जागेवरून सरकू शकतं. मूल रडतं, हात लोंबता ठेवतं आणि वापरायला तयार होत नाही. डॉक्टर ते सहसा काही मिनिटांत बसवतात, घरच्यांनी ओढून बघू नये. उचलायचं असेल तेव्हा नेहमी दोन्ही काखांत हात घालून.

तीन-चार वर्षांचं मूल घरी बाबागाडीत बसणं सोडून दिलेलं असलं, तरी शहरात गाडी न्या. घडी एका हाताने होणारी, हलकी. तिच्या दांड्याला जड पिशव्या अडकवल्या असतील तर मूल उचलून घेताक्षणी गाडी मागे कलंडते, म्हणून ओझं खालच्या जाळीत ठेवा. रस्ता ओलांडताना उभ्या वाहनांच्या मधून गाडी पुढे काढून मग वाकून बघण्याची सवय फार वाईट. तुमचे डोळे रस्त्यावर पोचण्याआधी मूल रस्त्यावर पोचलेलं असतं. आधी स्वतः पुढे होऊन बघा, गाडी मागे ठेवा. फलाटावर गाडी रुळांना समांतर लावून ब्रेक दाबा, कारण फलाटाला थोडा उतार असू शकतो.

जिने जास्त असतील तिथे पाठीवर किंवा छातीवर बांधायची झोळी बरी. तिच्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा बघा, आणि घरी अर्धा तास घालून चालून बघितल्याशिवाय नेऊ नका. पळणाऱ्या वयाच्या मुलासाठी मनगटाचा पट्टा मिळतो. तो वापरायला लोक लाजतात. लाजू नका.

सरकते जिने, दारं, गाड्या

सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेऊ नका, लिफ्ट शोधा. लिफ्टसाठी दहा मिनिटं जास्तीची धरा, कारण ती बहुतेक दुसऱ्याच टोकाला असते. मूल जिन्यावर चढवायचं असेल तर ते पायरीच्या मध्यभागी उभं राहील असं बघा. कडेच्या फटीत मऊ रबरी क्लॉग (पुढून बंद, मागून उघडी चप्पल) खेचला जातो आणि पाय अडकतो, असे अपघात खूप झाले आहेत. नाडी बांधलेली असू दे, शेवटच्या पायरीवर मोठं पाऊल टाकायला सांगा किंवा उचलून घ्या. जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला थांबवायचं बटण असतं. चढण्याआधी ते कुठे आहे एवढं नजरेने टिपून ठेवा.

गाडीत चढताना दोन मोठी माणसं असतील तर एक आधी, मुलं मधे, दुसरा शेवटी. एकटेच असाल तर लहानग्याला कडेवर घ्या आणि मोठ्याला आपल्या पुढे ठेवून त्याच्याबरोबरच पाऊल टाका. दार बंद होण्याचा इशारा वाजायला लागला की ती गाडी सोडून द्या. धावत जाऊन चढताना नेमकी ताटातूट होते.

आणि झालीच तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. जो फलाटावर राहिला त्याने तिथून हलायचं नाही. जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. मुलाला आणायला मोठ्यानेच जायचं. पाच वर्षांचं मूल हा नियम पाठ करू शकतं, तीन वर्षांचं नाही. त्यामुळे लहानगं आत राहिलं तर दारातूनच आतल्या माणसांना ओरडून सांगा की याला पुढच्या स्टेशनवर उतरवून सोबत थांबा, आणि लगेच स्टेशनच्या कर्मचाऱ्याला गाठा, म्हणजे तो पुढे निरोप देईल.

टॅक्सीत मुलाला मांडीवर घेऊन एकच पट्टा दोघांभोवती लावू नका. धडक बसली तर मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलावर येतं. वयाला साजेशी मुलांची बैठक असलेली टॅक्सी आधी सांगून ठेवा. उतरताना आधी मुलं, नेहमी फुटपाथच्या बाजूने, आणि एका मोठ्याने त्यांना धरून उभं राहायचं. सामान त्यानंतर.

हरवण्याची तयारी

रोज सकाळी बाहेर पडताना मुलाचा आजच्या कपड्यांत, बुटांसकट एक फोटो काढा. घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंग आठवत नाही. फोन नंबर मनगटाच्या आतल्या बाजूला, कोरड्या कातडीवर, देशाच्या कोडसकट लिहा. बॉलपेन घामाने पुसट होतं, म्हणून पक्क्या शाईचा मार्कर बरा. तोच नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कपड्यांवर किंवा पिशवीवर बाहेरून दिसेल असं नाव नको, नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. माग दाखवणाऱ्या घड्याळावर विसंबू नका. जमिनीखालच्या स्टेशनात त्याला उपग्रहाचा संकेत मिळत नाही, आणि मूल हरवण्याची शक्यता तिथेच जास्त.

मुलाला शिकवायच्या गोष्टी तीनच. आम्ही दिसलो नाही तर आहेस तिथेच उभा राहा. आम्हाला आमच्या नावाने मोठ्याने हाक मार, कारण ‘आई’ म्हटलं तर गर्दीतल्या सगळ्या आया वळतात आणि आपली ओळखू येत नाही. मदत हवी असेल तर लहान मूल बरोबर असलेल्या बाईकडे किंवा काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाकडे जा. हे घरी खेळ म्हणून दोन-चार वेळा करून घ्या. फलाटावर पहिल्यांदा सांगितलेलं डोक्यात राहत नाही.

मूल दिसेनासं झालं की वाट बघत बसू नका, तिथल्या तिथे शोध सुरू करा. एकाने शेवटचं दिसलं त्या जागी थांबायचं, दुसऱ्याने आधी धोक्याच्या जागा बघायच्या: पाणी, रस्ता, जिना, फलाटाची कड. मोठ्याने ओरडताना नुसतं नाव नको, वर्णन हवं. ‘तीन वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, लाल बूट!’ म्हटलं की पन्नास अनोळखी माणसं शोधायला लागतात. नुसत्या नावाने कुणालाच काही कळत नाही. त्याच वेळी कर्मचाऱ्यांना सांगा, त्यांना दारांवर लक्ष ठेवता येतं. ओरडायला संकोच वाटतो म्हणून पहिली पाच मिनिटं गप्प शोधण्यात जातात, आणि तेवढ्यात मूल दाराबाहेर पोचू शकतं.

गर्दी इतकी वाढली की चारही बाजूंनी अंगाला अंग लागतंय, तर बाबागाडी सोडून द्या, मूल उचलून घ्या. लोंढ्याच्या विरुद्ध न जाता, त्याच्याबरोबर तिरकं सरकत कडेला या.

पोट, शू, पिशवी

‘शू लागली’ असं मूल सांगतं तेव्हा तुमच्या हातात फार तर पाच मिनिटं असतात. म्हणून विचारत बसू नका, दर दीड-दोन तासांनी आणि प्रत्येक प्रवासाआधी घेऊन जा. काही ठिकाणी फ्लश आपोआप होतो. हलकं मूल भांड्यावर हललं की मधेच जोरात पाणी येतं, ते घाबरतं आणि मग दिवसभर जायला नकार देतं. मागच्या भिंतीवरच्या छोट्या काळ्या काचेवर ओल्या कागदाचा तुकडा चिकटवा किंवा हाताने झाका, उठल्यावर काढा.

खाणं भूक लागायच्या अर्धा तास आधी. रांगेत उभं राहून जेवण हातात येईपर्यंत मूल भुकेने वेडंपिसं होतं, म्हणून ओळखीचा, न सांडणारा खाऊ नेहमी जवळ हवा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खी द्राक्षं आणि शेंगदाण्यासारखे कडक दाणे चालत्या वाहनात किंवा चालताना देऊ नका. घशात अडकलं तर ते पाठीमागे बसलेल्याला कळतही नाही. द्राक्षं उभी चिरून द्या, दाणे टाळाच.

पिशव्या दोन. पाठीवरच्या पिशवीत दर मुलामागे कपड्यांचा एक पूर्ण जोड हवाबंद पिशवीत, मोठ्यांसाठी एक शर्ट (उलटी नेहमी मोठ्यांच्याच अंगावर होते), दर दोन-तीन तासांना एक डायपर आणि वर दोन, एक पातळ चादर. पुढच्या छोट्या पिशवीत पाणी, ओले रुमाल, तिकिटं, चार्ज केलेली पॉवर बँक, दोन रिकाम्या पिशव्या. पुढची पिशवी एका हाताने उघडता आली पाहिजे, दुसऱ्या हातात मनगट असतं.

खोलीत शिरल्यावर सामान सोडण्याआधी एकाने मुलाला धरायचं आणि दुसऱ्याने गुडघ्यांवर बसून खोली बघायची: खिडकीची कडी, खिडकीजवळची खुर्ची, पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या, किटलीची वायर. खुर्ची लगेच लांब सरकवा. नळाचं गरम पाणी स्वतःच्या हातावर तपासा.

पिशवी रात्रीच भरून दाराशी ठेवा, ओले कपडे त्याच वेळी वाळत टाका. सलग दोन दिवस हिंडणं झालं असेल तर तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठेच जाऊ नका, जवळचं मैदान किंवा बाग पुरे. तिथेही बाकावर बसण्याआधी कोण बघतंय ते तोंडाने ठरवून घ्या.